माकडाला शिव्या घालून झाल्या असतील तर आता गोचिडीबद्दल बोलूया

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण काजूला मोहर आलाय आणि दोन महिन्यांनी हे बोलून काही उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक पोस्टर फिरत होतं. गोचिडीचा मोठा फोटो, शेजारी कुणाच्या तरी गोऱ्यापान मांडीवर उठलेलं लाल गोल चक्र. खाली मराठीत लिहिलेलं, की असं चक्र उठलं तर डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिक घ्या, बरं वाटेल, आणि एका दिवसाच्या आत गोचीड काढली तर घाबरायचं कारण नाही. हे पोस्टर मूळ न्यू जर्सीहून आलं. माझ्या मावसभावानेच घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, तिथून वाडीच्या ग्रुपवर कुणी नेलं देव जाणे. त्याचा हेतू चांगलाच होता. तो राहतो तिथे लाइम नावाचा आजार आहे, परसातल्या गवतात फिरलं तरी होतो, आणि तिथल्यापुरतं ते पोस्टर बरोबरच आहे.

त्या पोस्टरखाली आमच्या वाडीतल्या एका पोराने लिहिलं, "माझ्या आवशीक परवा चावली, पण चक्र खय उठला नाय. म्हणजे टेन्शन नाय ना?" त्यावर सहा जणांनी अंगठे टाकले. ते सहा अंगठे बघून मी ही पोस्ट लिहायला बसलोय.

टेन्शन आहे बाबा. आपल्या गोचिडीने चक्र उठत नाही.

लाइम हा जिवाणूचा आजार. त्याला डॉक्सिसायक्लिन चालतं. गोचीड अंगाला दीड-दोन दिवस चिकटून राहिली तरच बहुतेक वेळा तो जिवाणू माणसात उतरतो, म्हणून 'लवकर काढा आणि निर्धास्त राहा' हा सल्ला तिकडे देतात. भारतात लाइमच्या नोंदी आहेत, पण तुरळक. आपल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात आणि पलीकडे गोव्याच्या सत्तरीत गोचिडीतून येतो तो माकडताप. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी. हा विषाणू आहे. याला अँटिबायोटिक चालत नाही, याच्यावर नेमकं असं औषधच नाही. सलाईन, रक्तदाबावर लक्ष, प्लेटलेटवर लक्ष, रक्तस्राव सांभाळणं, एवढंच डॉक्टरच्या हातात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. म्हणजे अमेरिकेचं पोस्टर आपल्याकडे लावणं हे नागाच्या गावात विंचवाचा उतारा वाटण्यासारखं आहे.

आता काकीची गोष्ट सांगतो. तिला विचारून सांगतोय, नाव मात्र घालत नाही.

काकी आमच्या वाडीतलीच. वय पंचावन्नच्या पुढे. काजूच्या हंगामात सकाळी सहाला बागेत, बोंडू वेचायचे, बी पिळून काढायची, दुपारी घरी, आणि संध्याकाळी पातेरा गोळा करायला पुन्हा रानात. मागच्या एका मार्चमध्ये तिला अचानक ताप भरला. डोकं असं ठणकत होतं की उजेड नको म्हणाली. दोन दिवसांनी उलट्या, डोळे लाल, पाठ-पाय मोडून आलेले. पहिल्या डॉक्टरने 'व्हायरल' म्हणून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी दुसऱ्याकडे नेलं, तिथे डेंग्यूची टेस्ट केली, निगेटिव्ह आली, लेप्टो असेल म्हणून गोळ्या सुरू केल्या. मार्चमध्ये लेप्टो! शेतात पाण्याचा थेंब नाही आणि लेप्टो! सातव्या दिवशी हिरड्यांतून रक्त दिसलं तेव्हा मी गाडी काढली आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न केला, "आजी, रानात जाता का? गोचीड चावलेली का?"

आठ दिवसांत तीन ठिकाणी नेलं आणि हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो तिसऱ्या ठिकाणी.

रिपोर्ट नंतर आला, तोवर काकीचा ताप उतरला होता. घरी आणली. सगळे म्हणाले सुटली. दहा-बारा दिवसांनी पुन्हा ताप, मान ताठ, हात थरथरायला लागले, आणि दोन दिवस ती मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारत होती. या आजारात काही जणांना असा दुसरा फेरा येतो, तो मेंदूवर जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावरही नव्हतं. काकी वाचली. तो हंगाम गेला, त्याच्या पुढचाही अर्धा गेला. आजही कपबशी धरताना तिची बशी वाजते.

आणि आता माझ्याबद्दल. काकी त्या महिन्यात तीन बागांत जात होती आणि त्यातली एक बाग माझी आहे. मी तिला रोज मजुरी देत होतो, चहा-पाव देत होतो. बूट दिले नव्हते. तेल दिलं नव्हतं. चपला घालून ती माझ्या बागेत पाचोळ्यात बसून बी पिळत होती आणि मी शेजारी उभा राहून यंदा दर काय मिळेल याच्या गप्पा मारत होतो. तेव्हा सरकारला बोलायच्या आधी हे लिहून ठेवणं भाग होतं. ती गोचीड कुठल्या बागेतली ते कुणालाच कळणार नाही, पण माझ्या बागेतली नव्हती असं मी म्हणू शकत नाही.

हा आजार काही नवीन नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आजूबाजूच्या गावांतली माणसंही तापाने आजारी पडली. आधी सगळ्यांना धास्ती, की आफ्रिकेतला पिवळा ताप भारतात शिरला की काय. शोध कुणी लावला? आपल्या पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने. त्याच वर्षी विषाणू सापडला आणि तो गोचिडीतून पसरतो हेही कळलं. तिकडे अमेरिकेत लाइम गावातल्या बायकांनी, आमच्या पोरांचे गुडघे एकाच वेळी का सुजतायत म्हणून आजाऱ्यांच्या याद्या करून आरोग्य खात्याच्या मागे लागायला सुरुवात केली ती 1975 च्या सुमारास. त्या जिवाणूचा शोध जाहीर झाला 1982 साली. म्हणजे आपलं ज्ञान त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षं जुनं. आज त्यांचं पोस्टर आपल्या वाडीच्या ग्रुपवर पोचतं आणि आपलं पोस्टर आपल्या उपकेंद्राच्या भिंतीवर नाही. मी बघून आलोय. कुटुंब नियोजन आहे, तंबाखू आहे, डेंग्यूचा डास आहे. गोचीड नाही.

सगळा घोळ नावापासून सुरू होतो असं माझं मत आहे. 'माकडताप' म्हटलं की लोकांना वाटतं माकडामुळे होतो. माकड बिचारं आपल्याआधी मरतं. बारीक गोचिडी माकडाचं रक्त पितात, माकडाला विषाणू असेल तर तो गोचिडीत जातो, गोचीड मोठी होत जाते तसा तो तिच्यात टिकतो. उंदीर, चिचुंद्र्या यांच्यातही तो फिरत असतो. माकड मेलं की गार पडलेल्या अंगावरच्या शेकडो गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि पुढच्या गरम रक्ताची वाट बघतात. डिसेंबर ते मे या महिन्यांत जी तिळाएवढी पिल्लं असतात ती माणसाला चावतात, आणि ती चावलेली कळतही नाहीत. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. मेलेलं किंवा आजारी माकड हाताळणाऱ्याला मात्र होऊ शकतो.

माकडांवर माझंही काही प्रेम उतू जात नाही. माझी केळी, माझे कोवळे नारळ, परसातला भोपळासुद्धा त्यांनी सोडलेला नाही. माकडांचा बंदोबस्त करा ही मागणी रास्तच आहे आणि नुकसानभरपाईच्या सभेला मीही पहिल्या रांगेत होतो. पण त्या सभेला दोनशे माणूस आणि तापाच्या माहितीच्या कार्यक्रमाला अकरा, त्यात चार आशाताई, हे काय आहे? मेलेलं माकड दिसलं की दोरी बांधून ओढत नेऊन ओहळात टाकायचं आणि 'एक कमी झालं' म्हणायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ओढत नेलं त्या सगळ्या वाटेवर गोचिडी पेरत नेल्या. खरं म्हणजे तिथे हात न लावता कळवायचं असतं, नमुना तपासणीला जायला हवा आणि त्या जागेभोवती मॅलेथिऑनची पावडर मारायला हवी.

कळवायचं कुणाला, हा पुढचा विनोद. गेल्या वर्षी आमच्या पाणंदीत वानर मरून पडलं होतं. एका कार्यालयात फोन केला, ते म्हणाले प्राणी आहे, तुम्ही अमक्या खात्याला विचारा. अमकं खातं म्हणालं जागा खासगी आहे, आम्ही येऊ शकत नाही. तिसऱ्याने विचारलं माणूस कुणी आजारी आहे का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आमचा विषय नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी पावडर आली, तोवर कुत्र्यांनी अर्धं वानर नेलं होतं. ज्या पोराने पावडर मारली त्याच्या हातात मोजे नव्हते. मी त्याला माझे दिले.

आपल्या जिल्ह्यात 2016 साली दोडामार्गात साथ आली, 2017 ला बांद्याकडे सरकली. तेव्हा मंत्री आले, गाड्या आल्या, कॅम्प लागले. मग केसेस कमी झाल्या आणि आपणही विसरलो. सत्तरीत 2015 साली जे आजारी पडले त्यातले बरेचसे काजूच्या बागेत काम करणारे होते, त्यावर शास्त्रज्ञांचा लेखही आला, नावातच 'काजू कामगार' होते. काजू आणि या तापाचं नातं त्याहून जुनं आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नडमध्ये बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी राखीव जंगल तोडलं आणि त्यामागोमाग या तापाची फार मोठी साथ आली. जंगल तोडलं की त्यातला आजार तुटत नाही, तो कडेला येऊन बसतो, आणि कडेला आपल्या बागा असतात. आपल्याकडे कोर्टाची बंदी असताना कुठे कुठे डोंगर बोडके होतायत आणि तिथे काय लावलं जातंय ते मी लिहायला नको. तुम्ही रोज बसमधून बघता.

लसीबद्दल विचारणारे खूप आहेत. होती लस. कर्नाटकात 1990 पासून देत होते. 2005 ते 2010 मधल्या तिथल्या अभ्यासात दोन डोसांनी साधारण 62 टक्के आणि बूस्टरसह 83 टक्के संरक्षण मिळालेलं दिसलं. म्हणजे भिंत नव्हती, पण कुंपण होतं. पुढे तिची ताकद कमी भरते असं लक्षात आलं आणि 2022 मध्ये ती थांबवली. जी लस चालत नाही ती थांबवली यात चूक काही नाही. पण साठ वर्षांहून जुना आजार, आणि लस थांबवायच्या दिवशी दुसरी तयार नाही? नवीन लसीचं काम सुरू आहे म्हणतात. 2024 च्या सुरुवातीलाच कर्नाटकात पुन्हा माणसं दगावली. हा ताप मुंबईच्या टॉवरमध्ये होत असता तर नवीन लस इतकी रेंगाळली असती का, हा माझा सरळ प्रश्न आहे. बोंडू वेचणाऱ्या बाईच्या आजाराला बाजार नाही.

लस नाही म्हणून हात बांधलेले नाहीत. डेपा नावाचं अंगाला लावायचं तेल डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने काढलेलं आहे, कर्नाटकात रानात जाणाऱ्यांना ते वाटतात. ते किंवा दुसरं चांगलं रिपेलंट, गुडघ्यापर्यंत बूट, पायजमा मोज्यात खोचलेला, बसायला ताडपत्रीचा तुकडा. घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात, साबण लावून आंघोळ, आणि काखा, जांघा, कानामागे कुणाकडून तरी तपासून घेणं. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची. बिडीचा चटका, रॉकेल, चुना, नखाने चिरडणं, हे सगळं बंद. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींचं औषध गुरांच्या डॉक्टरकडून वेळेवर घ्यायचं, कारण रानातून गोचिडी वाढवणारं आणि गोठ्यापर्यंत आणणारं जनावर आपलंच असतं.

मला माहीत आहे हे ऐकायला सोपं आहे. काकीला मी यंदा बूट दिले तर ती हसली. "तेल लावन बोंडू वेचतलंय तर बी हातातसून निसटतली मरे." उन्हात बूट घालून चढणीवर काम करून बघा, पाय शिजतात. म्हणून मी 'लोकांमध्ये जागृतीच नाही' असं भाषण ठोकणार नाही. दोनशे झाडांची बाग असलेला मालक मजुरीवर आणखी काही रुपये तेलाचे घालू शकतो. बसून बी पिळायचं काम पाचोळ्यात न करता झाडलेल्या खळ्यात किंवा घराच्या ओसरीवर करता येतं, त्यात कुणाचाही पैसा जात नाही. यंदा मी तसंच करतोय. दोन बागवाल्यांना सांगितलं. एक हो म्हणाला, दुसरा म्हणाला, "गोचीड काय आजच चावता? जन्माक इल्यापासून चावता."

तिसरा एक सुशिक्षित माणूस, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, असलं फेसबुकवर लिहू नका, गावाचं नाव खराब होतं, पर्यटक येणार नाहीत, काजूचा दर पाडतील. काजूच्या बीतून ताप येत नाही हे व्यापाऱ्याला चांगलं माहीत आहे, त्याला दर पाडायला तापाची गरज नसते. आणि पर्यटकांचं म्हणाल तर लाइम हे गावाचंच नाव आहे हो. अख्ख्या जगात आजार त्या गावाच्या नावाने ओळखला जातो आणि ते गाव आहे तिथेच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. डिसेंबर ते मे या महिन्यांत आपल्या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक दवाखान्यात, सरकारी असो की खासगी, ताप घेऊन आलेल्या माणसाला 'रानात, बागेत गेला होता का' हे विचारलंच पाहिजे आणि केसपेपरवर लिहिलंच पाहिजे. त्याला एक रुपया लागत नाही. हो म्हणाला तर पहिल्या आठवड्यातच रक्त तपासणीला गेलं पाहिजे आणि रिपोर्ट रुग्णाला वेळेत कळला पाहिजे. ताप उतरून घरी जाताना दुसऱ्या फेऱ्याबद्दल तोंडी आणि लेखी सांगितलं पाहिजे. मेलेल्या माकडासाठी एकच फोन नंबर असावा आणि तो उचलणाऱ्याने 'आमचा विषय नाही' म्हणू नये. बाकी तेल-बुटांसाठी पंचायतीचा निधी आहे की नाही ते मी माहितीच्या अधिकारात विचारलंय, उत्तर आलं की इथेच टाकीन.

ज्या पोराने ग्रुपवर विचारलं होतं त्याच्या घरी मी परवा जाऊन आलो. आई ठीक आहे, ताप नाही. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, तेवढे दिवस लक्ष ठेव आणि ताप आलाच तर डॉक्टरने विचारायच्या आधी आपणच सांग, असं त्याला सांगितलं.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी दिलाय. गेल्या तीन-चार हंगामांत, डिसेंबर ते मे मध्ये, ज्यांच्या घरात असा ताप येऊन गेला, मग तो 'व्हायरल' म्हणून गेला असेल किंवा 'लेप्टो' म्हणून, त्यांनी जुने केसपेपर आणि रिपोर्ट शोधून घेऊन या. यादी करायची आहे. कागद सापडत नसेल तर तारीख आणि कुठल्या बागेत काम होतं तेवढं लिहून आणा. झेरॉक्सचे पैसे मी देतो. सभा दहाची आहे, म्हणजे साडेदहाला सुरू होईल. काकी येणार आहे.